गोकूची मारामारी आणि अजिंठ्याची भिंत

आईबाबांनो, दप्तरात ‘ड्रॅगन बॉल’ सापडलं की आपला पहिला शब्द असतो, “यात नुसती मारामारीच आहे!” पुस्तक हिसकावून घेण्याआधी एकदा लेकराशेजारी बसून ते उघडा, एवढंच माझं मागणं आहे.

जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही चुकाल, पोर तुम्हाला शिकवेल, शिकवू द्या. मग हाणामारीचंच एक पान घ्या. अकिरा तोरियामा यांनी ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात काढली, तिचे ४२ खंड झाले. मोठ्या लढाया ते बहुतेकदा उजाड माळावर नेतात. मागे झाडं नाहीत, घरं नाहीत, त्यामुळे नजर थेट अंगांवर जाते: कुणाचा पाय जमिनीवरून सुटला, कुणाचा तोल गेला. एका चौकटीत उगारलेला ठोसा, पुढच्या चौकटीत लांब फेकला गेलेला माणूस. ठोसा लागला तो क्षण कितीदा तरी कागदावर नसतोच. तो मूल मनात रचतं. मला हे खरंखुरं वाचन वाटतं. “या दोन चित्रांच्या मधे काय झालं?” असं विचारून बघा, पोर उठून करून दाखवेल.

एक सांगायलाच हवं. सुरुवातीच्या खंडांत काही चावट विनोद आहेत, ते लहानांसाठी नाहीत. आधी स्वतः वाचा, मगच हातात द्या.

आता या चित्रकथेच्या नायकाकडे, गोकूकडे नीट बघा. त्याला शेपूट आहे, लांब होणारी काठी आहे, बसून उडायला ढग आहे. हे सगळं सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतल्या सून वुकाँग या वानरवीराचं. तो वानर एका भिक्षूची राखण करत ग्रंथ आणायला भारतात येतो. आणि तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग! सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. इथल्या दरीतल्या एका विहाराचं वर्णन त्याने लिहून ठेवलं, दाराबाहेरच्या दगडी हत्तींसकट. तो विहार अजिंठ्याचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. गोकूच्या गोष्टीचं एक मूळ आपल्या इतकं जवळ आहे, हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं ना?

म्हणून त्यांना सतराव्या लेण्यात न्या. तिथे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे: राक्षसिणींचं बेट, सुटका करणारा पांढरा घोडा, शेवटी हत्तींवरून चालून जाणारं सैन्य. मोठं युद्धच आहे ते. चौकटी मात्र नाहीत. एकच माणूस त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, आणि गोष्ट कुठून कुठे सरकली हे आपणच शोधायचं. मांगा वाचणाऱ्या डोळ्याला ही सवय असते. तुमच्याआधी पोरंच सिंहलाला हुडकतील.

फर्दापूरला उतरलं की तिठ्यावरून लेण्यांपर्यंत बस मिळते. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून वही आणि पेन्सिल तेवढी सोबत घ्या.