सीझन पास घेण्याआधी ग्रुपला विचारा

ऑनलाइन खेळाचा सीझन पास घेताना आपण नवे नकाशे, नवी शस्त्रं, नवी मोहीम घेतो आहोत असं वाटतं. त्यावर पैसे आणि त्याहून कितीतरी जास्त वेळ घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. कंपनी आपल्याला आपलेच सोबती दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा विकते. एकट्याने खेळायच्या गेमचं जास्तीचं प्रकरण घेतलं नाही, तर हातात जे आहे ते तसंच राहतं. चौघांच्या स्क्वॉडमध्ये मात्र तिघांनी घेतलं आणि एकाने नाही, तर त्या एकाचा जुना खेळही ओस पडतो, कारण बाकीचे तिघं आता तिथे फिरकत नाहीत. गल्लीत एकाकडे बॅट असली की दहा जण खेळतात. इथे प्रत्येकाने स्वतःची बॅट आणायची, तीही ठरावीक दुकानातून, आणि दुकानदाराला वाटेल तेव्हा तो ती परत नेणार. हे विक्रीच्या पानावर कुणी लिहीत नाही, म्हणून मला लिहावंसं वाटलं.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. नकाशे विकण्याच्या जुन्या पद्धतीने खेळाडूंचे तुकडे कसे पडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ‘बॅटलफील्ड’मध्ये सर्व्हरवर पुढचा नकाशा विकतचा आला की तो नसलेल्यांना बाहेर पडावं लागायचं. ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ४’ने २०१८ मध्ये कहर केला : नवे नकाशे सुटे विकलेच नाहीत, सुमारे पन्नास डॉलरचा अख्खा पासच घ्यायचा. नकाशा नसलेले एका रांगेत, असलेले दुसऱ्या रांगेत, आणि काही महिन्यांत पैसे भरलेल्यांनाच लॉबी भरायची वाट बघत बसावं लागायचं. म्हणजे पैसे न भरणारा बाहेर राहिला आणि भरणाऱ्याला खेळायला माणसं मिळेनात. उलट ‘रेनबो सिक्स सीज’ने २०१५ पासून आणि ‘टायटनफॉल २’ने २०१६ पासून नकाशे सगळ्यांना फुकट दिले. २०१९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ने सीझन पास काढून टाकला, नकाशे खुले केले आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व पीसीवरच्या खेळाडूंना एकत्र खेळू दिलं. दोन्ही निर्णय एकदमच झाले, कारण रांगा जोडायच्या आणि त्याच वेळी नकाशावरून तोडायच्या, हे जमण्यासारखं नव्हतं. तरीही त्याच गेममधला ‘सर्व्हायव्हल’ हा प्रकार वर्षभर फक्त प्लेस्टेशनवाल्यांना मिळाला. एका पार्टीत बसलेल्या दोन मित्रांनी सारखेच पैसे मोजले, आणि एकाला कमी खेळ मिळाला. यामागे तांत्रिक अडचण नव्हती, दोन कंपन्यांमधला करार होता.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण ‘डेस्टिनी २’चं. तो सहा जणांनी मिळून रेड, म्हणजे मोठी सामूहिक मोहीम, करायचा खेळ आहे, एकट्याने त्यातला गाभा हाती लागत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये तो आला आणि डिसेंबरमध्ये ‘कर्स ऑफ ओसायरिस’ हे पहिलं एक्स्पान्शन. त्याबरोबर कमाल पॉवर वाढली, आणि मूळ गेम घेणाऱ्यांना मिळालेली रेडची ‘प्रेस्टीज’ ही अवघड पातळी एक्स्पान्शन न घेणाऱ्यांना बंद झाली. पूर्ण किंमत देऊन घेतलेला, काल खेळता येणारा भाग आज कुलपात. ओरड झाल्यावर गेम बनवणाऱ्या बंजीने चूक मान्य करून तो पुन्हा उघडला, हेही सांगायला हवं. पण त्या प्रसंगातून खेळाडूंना जे कळायला हवं होतं ते कळलं नाही : मल्टिप्लेअर खेळात जुनी खरेदी नव्या खरेदीच्या मर्जीवर जगते.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बियाँड लाइट’ हे नवं एक्स्पान्शन आलं तेव्हा २०१७ ची मूळ मोहीम, ‘कर्स ऑफ ओसायरिस’ आणि ‘वॉरमाइंड’ ही एक्स्पान्शन, हे सगळं गेममधून काढून ‘व्हॉल्ट’मध्ये टाकण्यात आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोरसेकन’ या एक्स्पान्शनची मोहीमही गेली; ते २०१८ मध्ये चाळीस डॉलरला विकलं होतं. सीझनच्या गोष्टी तर वर्ष संपलं की काढूनच टाकायच्या, असा शिरस्ता पडला. गेमचा आकार फार वाढला, प्रत्येक बदल तपासणं अवघड झालं, असं कंपनीचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तो भार हलका करण्याची किंमत कुणी भरली ते बघा. ज्याने सर्वांत आधी पैसे दिले, त्याच्याच खरेदीतून सर्वांत आधी काढून घेतलं. पुढे, यापुढे एक्स्पान्शन व्हॉल्टमध्ये टाकणार नाही असं बंजीने जाहीर केलं, आणि गेलेल्याची भरपाई मात्र झाली नाही. उशिरा येणाऱ्याचं नुकसान वेगळंच. त्याला गोष्टीची सुरुवातच मिळत नाही, म्हणून तो टिकत नाही, म्हणून जुन्या खेळाडूच्या स्क्वॉडला नवा माणूस मिळत नाही.

आता प्लॅटफॉर्मचा प्रश्न, जिथे बहुतेकांची फसगत होते. ‘डेस्टिनी २’ने ऑगस्ट २०१९ मध्ये क्रॉस सेव्ह आणि ऑगस्ट २०२१ मध्ये क्रॉसप्ले दिला. आपलं पात्र, त्याची शस्त्रं, त्याची प्रगती कुठल्याही यंत्रावर सोबत येऊ लागली, आणि प्लेस्टेशनवाला पीसीवाल्याशी खेळू लागला. याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण एक्स्पान्शन मात्र ज्या दुकानातून घेतलं त्याच दुकानात राहिलं. प्लेस्टेशनवर घेतलेलं पीसीवर चालत नाही; तिथे पुन्हा पूर्ण पैसे. एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीत ही एक्स्पान्शन मिळत होती म्हणून अनेकांनी ती विकत घेतली नाहीत, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कन्सोलवरच्या गेम पासमधून ती निघून गेली. पात्र जागेवर, बंदूक जागेवर, पण दाराला कुलूप. खेळाडू एकमेकांना जोडले गेले, गल्ले वेगळेच राहिले.

गल्ले किती महत्त्वाचे आहेत हे २०२१ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात उघड झालं. तिथल्या कागदपत्रांतून दिसलं की क्रॉसप्ले देणाऱ्या कंपन्यांकडून प्लेस्टेशनची मालक सोनी एक अट मान्य करून घेत होती : प्लेस्टेशनवर खेळण्याचा वेळ जास्त पण तिथल्या दुकानात खर्च त्या मानाने कमी असा हिशेब निघाला, तर फरकापोटी सोनीला रक्कम द्यायची. म्हणजे मी कुणाबरोबर खेळतो यापेक्षा मी कुठे खर्च करतो यावर सगळं बेतलेलं. मित्रांनी एकत्र खेळावं ही सोय नसून दुकानाच्या उत्पन्नाला असलेला धोका आहे, अशा समजुतीवर तो करार उभा होता. त्याआधी, जून २०१८ मध्ये, प्लेस्टेशनला जोडलेलं ‘फोर्टनाइट’चं खातं निन्टेन्डो स्विचवर उघडतच नव्हतं; सप्टेंबरअखेरीस टीकेपुढे सोनीने माघार घेतली तेव्हा वाट मोकळी झाली.

‘फोर्टनाइट’चीच पुढची गोष्ट अधिक लागणारी आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने ॲपलला टाळून थेट पैसे घ्यायची सोय केली, ॲपलने गेम दुकानातून काढला. दोन आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, नवा सीझन सुरू झाला आणि आयफोन, आयपॅड व मॅकवाले जुन्याच सीझनमध्ये अडकले. त्यांचा गेम चालू होता, पण बाकीच्या जगाबरोबर खेळता येईना. आदल्या दिवसापर्यंत एका स्क्वॉडमध्ये असलेली मुलं दोन वेगळ्या सीझनमध्ये पडली. भांडण दोन कंपन्यांचं, तेही टक्केवारीवरून, आणि तुटली मैत्रीची फळी. सीझन हेच त्या तोडण्याचं हत्यार ठरलं : आवृत्ती एक असती तर रांग एक राहिली असती.

आपल्याकडच्या खेळाडूंना हे परकं वाटू नये. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर सरकारने बंदी घातली, ऑक्टोबरअखेर इथले सर्व्हर बंद झाले, आणि त्यातल्या रॉयल पासवर घेतलेलं सगळं हवेत लटकलं. जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, आला, जुना डेटा आणायची सोय झाली, पण अँड्रॉइडवर आधी आणि आयफोनवर ऑगस्टच्या मध्यानंतर. पुढे जुलै २०२२ मध्ये तोही अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्ही दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात बसून रॉयल पास घेणाऱ्या मुलाच्या हातात यातलं काहीच नव्हतं. सरकारचा निर्णय चूक की बरोबर हा इथे प्रश्न नाही. ज्या वस्तूचं अस्तित्व तिसऱ्याच्या निर्णयावर आहे ती ठरावीक मुदतीवर विकली जाते आणि मुदत थांबायची तरतूद त्यात नसते, ही माझी तक्रार आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, सर्व्हर चालवायला, नवं बनवायला पैसे लागतात. लागतातच. पण पैसे मिळवण्यासाठी मुदत घालणं आणि सोबती तोडणं गरजेचं नाही. ‘हेलो इन्फिनिट’चे बॅटल पास, म्हणजे पातळ्या चढत बक्षिसं देणारे पास, मुदतीने संपत नाहीत, ‘हेलडायव्हर्स २’चे त्याच धर्तीचे वॉरबाँडही संपत नाहीत; जेव्हा सवड मिळेल तेव्हा पूर्ण करा. दुसरा आक्षेप, आता तर फक्त स्किन, म्हणजे पात्राचं दिसणं, विकतात, खेळावर परिणाम नाही. ‘ओव्हरवॉच २’ने ऑक्टोबर २०२२ मध्ये किरिको ही नवी नायिका बॅटल पासमध्ये ठेवली : पास घेणाऱ्याला लगेच, बाकीच्यांना ५५व्या पातळीवर. ज्या खेळात सामना चालू असताना नायक बदलणं हेच डावपेच आहेत, तिथे हा भेद स्किनचा नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये तो त्यांनी मागे घेतला. आणि निव्वळ स्किनचा पास असला तरी तो खेळायची पद्धत बदलतोच. एकाला आठवड्याचं मिशन म्हणून स्नायपरने मारायचं असतं, दुसऱ्याला गाडीने अमुक किलोमीटर जायचं असतं, तिसऱ्याला नकाशाच्या एका कोपऱ्यात उतरायचं असतं. स्क्वॉड चौघांचं, पण प्रत्येक जण आपापली यादी संपवतो आहे. हे मला सीझनच्या किमतीपेक्षाही जास्त खटकतं. तिसरा आक्षेप, सक्ती कुणी केली? एकट्यावर कुणी करत नाही. दबाव मित्रांमार्फत येतो, आणि तो तसा यावा अशीच रचना असते. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ‘घेऊ नकोस’ म्हणणं सोपं आहे. त्याच्या वर्गातले सगळे ज्या लॉबीत आहेत तिच्याबाहेर तो एकटा उभा आहे, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून काही सांगणं. खेळ कुठल्या यंत्रावर घ्यायचा हे ग्राफिक्सवरून ठरवू नका, तुमच्याबरोबर नेमाने खेळणारी माणसं कुठे आहेत त्यावरून ठरवा. क्रॉसप्ले आहे म्हणजे खरेदीही सगळीकडे चालेल असं धरू नका. प्रगती, खरेदी आणि गेममधलं चलन या तीन गोष्टींची चौकशी वेगवेगळी करा, कारण तिन्हींचे नियम एकाच गेममध्ये तीन प्रकारचे असू शकतात. चलन गरजेपुरतंच घ्या, शिल्लक ठेवू नका. बजेट ठरवा, हे तर झालंच. बहुतेक बॅटल पासमध्ये गाठलेल्या पातळ्यांची बक्षिसं पास नंतर घेतला तरी एकदम मिळतात. तेव्हा सीझनच्या शेवटच्या आठवड्यात आपण कुठवर आलो ते बघून मगच पैसे द्या. पहिल्या दिवशी घेणारा फक्त उत्साहाचे पैसे देतो. एक्स्पान्शन असेल तर स्क्वॉडमधल्या ज्याला परवडणं सर्वांत अवघड आहे त्याला आधी विचारा, आणि त्याचं उत्तर नाही असेल तर सगळ्यांनी मिळून एक सीझन सोडून द्या. दुकानात त्याची किंमत पुढे उतरतेच.

परताव्याचे नियमही दुकानागणिक वेगळे आहेत. पीसीच्या स्टीम या दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि त्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर डीएलसीचे, म्हणजे एक्स्पान्शनसारख्या जास्तीच्या भागाचे, पैसे सहसा परत मिळतात. प्लेस्टेशनवर मुदत तीच, पण डाउनलोड सुरू झालं की, वस्तू सदोष नसेल तर, हक्क संपतो. आणि कन्सोलवर आपोआप डाउनलोड चालू असेल तर ते तुम्ही बटण दाबल्याबरोबर सुरू होतं. ती सेटिंग आजच बंद करा, पैसे भरल्यावरही ग्रुपवर पुन्हा विचारा की आणखी कोण कोण घेतंय, आणि सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत डाउनलोडला हात लावू नका.