दसरा ते दिवाळी: गिलाव्याला वीस दिवस पुरत नाहीत

आमच्या घराच्या स्लॅबवरची जिन्याची खोली आणि कठडा यांना पाऊस उघडताच नवा गिलावा केला. ठेकेदार म्हणाला, “भिंत वाळली आहे, दिवाळीच्या आत रंग मारून देतो.” दिलाही. दिवाळीत घर उठून दिसलं. पुढच्या पावसाळ्यात मात्र, ज्या बाजूने पावसाचा मारा बसतो त्या भिंतीवर रंगाला फोड आले. नख लावलं की रंगाची साल निघे आणि खाली पांढरी भुकटी बोटाला लागे. रंग चांगल्या प्रतीचा होता, डबे आमच्यासमोर उघडले होते. काम नासलं ते घाईने. गोंदिया जिल्ह्यात हे घरोघरी घडू शकतं, म्हणून सांगतो.

हिशेब साधा आहे. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस. सिमेंटच्या गिलाव्याला आधी निदान ७ दिवस पाणी लागतं आणि रंगाआधी एकूण २८ दिवस तरी द्यावे लागतात. त्यात याच सुमारास हलक्या धानाची कापणी लागते, मजूर शेताकडे वळतात, म्हणून ठेकेदारालाही काम उरकायचं असतं. घरमालकाची हौस आणि ठेकेदाराची घाई एकत्र आली की भिंतीचं ऐकायला कुणी उरत नाही.

वरून कोरड्या दिसणाऱ्या नव्या गिलाव्यात आत ओल असते. ती बाहेर येताना सिमेंटमधला मोकळा चुना आणि क्षार सोबत आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वर रंगाचा पापुद्रा असला तर ते त्याच्यामागे साचून त्याला उचलतात. ऑइल पेंटचं तर आणखी वाईट: ताज्या गिलाव्यातल्या अल्कलीशी त्यातल्या तेलाचा संयोग होऊन साबण बनतो आणि रंग चिकट पडतो. बाहेरच्या नव्या गिलाव्यावर ऑइल पेंट नको, ऑइलचा प्रायमरही नको.

काम गिलाव्यापासूनच बघावं. रेती आली की काचेच्या बाटलीत थोडी रेती आणि पाणी घालून हलवावं आणि काही तास ठेवावं. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती गिलाव्याला घेऊ नये. विटा आदल्या दिवशी भिजवाव्यात. एक भाग सिमेंटला चार भाग रेती, आणि माल अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवावा. आखडलेल्या मालात पुन्हा पाणी घालू देऊ नये. बीम आणि विटांच्या सांध्यावर चिकन मेश ठोकावी, नाहीतर तिथेच चीर पडते. कठड्याच्या माथ्याला उतार आतल्या बाजूने द्यावा, म्हणजे पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळत नाही.

मिस्त्री शेवटी कोरडं सिमेंट भुरभुरवून लोखंडी थापीने भिंत घोटू लागला, तर तिथेच थांबवावं. भिंत आरशासारखी दिसते, पण त्या पातळ कवचाला केसासारख्या भेगा पडतात आणि रंगाला पकड मिळत नाही. बाहेरची भिंत लाकडी रंध्याने फिरवलेली, किंचित खरखरीतच बरी.

मग तराई. जिन्याच्या खोलीला चारही बाजूंनी ऊन-वारा लागतो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं तरी दुपारी ती कोरडी ठक्क होते. आपल्याकडे धानाच्या बारदानाला तोटा नाही. जुनी बारदानं कठड्यावरून सोडून ओली ठेवावीत.

तराईनंतर भिंत मोकळी सोडावी. महिना झाला की संध्याकाळी हातभर प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवावं. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबावं. बोटाने ठोकून बघावं. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढून पुन्हा करावा. पांढरी भुकटी कोरड्या तारेच्या ब्रशने झाडावी. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात. काही दिवसांनी पुन्हा फुटली तर पुन्हा झाडावी. फुटणं थांबेपर्यंत प्रायमर नको. राईस मिल जवळ असेल तर कोंड्याची राख भिंतीवर बसते, तीही पुसून घ्यावी.

त्यानंतर अल्कली सोसणारा बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर आणि एक्स्टिरियर इमल्शनचे दोन हात. पुट्टी गरजेपुरती, तीही बाहेरच्या कामाचीच. हिवाळ्यात दव उडाल्यावर ब्रश हाती घ्यावा आणि उन्हं कलायच्या आत ठेवावा. शेजारी मळणी चालू असेल तर त्या दिवशी रंग नको, भुसा ओल्या रंगाला चिकटतो.

“दिवाळीपुरता चुना मारून घेऊ,” असंही कुणी सुचवेल. ऐकू नये. चुन्यावर इमल्शन धरत नाही, पुढे सगळा खरवडावा लागतो. दिवाळीला दारं, खिडक्या, घराची आतली बाजू रंगवावी. बाहेरचं काम संक्रांतीच्या सुमारास करावं. उन्हाळ्यावर मात्र ढकलू नये, कारण तापलेल्या भिंतीवर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो.

ठेकेदाराशी बोलणी करताना तराई कोण करणार आणि रंग कधी लागणार, हे कागदावर घ्यावं. पैशांचा एक हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगावं. चांगला मिस्त्री ही अट मान्य करतो, कारण आपलं काम पावसात टिकेल याची त्याला खात्री असते.