पनवेलचे पाहुणे सिंगापुरात

सिंगापूरला घर लागलं की वर्षाच्या आत पनवेलहून फोन येतोच, "तिकिटं काढली रे!" इथं मुरलेल्या मराठी घरांनी अशा वेळेसाठी सांगितलेले हे चार शब्द.

आधी बॅगेचं बोला. दिवाळीच्या सुमारास येणारे अनारसे आणणार, आणि अनारशावर खसखस असते. खसखस इथं आणायला सक्त मनाई आहे, करंजीच्या सारणातही नको. गुटखा, तंबाखूच्या पुड्या पनवेललाच राहू द्या. अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

भर दुपारी मरलायनचा पुतळा दाखवू नका. उकाड्यात माणसं फोटो काढतात आणि चिडतात. दुपार घरात पंख्याखाली काढा, संध्याकाळी 'गार्डन्स बाय द बे' गाठा. पावणेआठ आणि पावणेनऊचा रोषणाईचा खेळ फुकट आहे.

आमच्याकडच्या माणसाला खरी मजा टेक्का सेंटरच्या मासळीबाजारात. सकाळी लवकर न्या. बर्फावरचं पापलेट दिसलं की उरणच्या भावाशी तुलना सुरू होते आणि कल्ला उचलून बघायला हात पुढे जातो. तेवढं मात्र विक्रेत्याला विचारून. शेजारीच हॉकर सेंटर आहे. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर जागा अडवलेली समजा, आणि जेवून उठताना ट्रे परत ठेवा. ठेवला नाही तर दंड होऊ शकतो. शाकाहारी पाहुण्यांना सांबलपासून जपा, त्यात बहुधा कोळंबीची पेस्ट असते. त्यांच्यासाठी सेरंगून रोडवरचं कोमला विलास बरं, १९४७ पासून चालू आहे.

क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण पनवेलच्या शेजारचं, त्यामुळे एस्प्लनेड पार्कातली आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण मंडळींना दाखवाच. १९४५ मध्ये उभारलेलं मूळ स्मारक ब्रिटिशांनी परतताच पाडलं. आजची खूण १९९५ ची. आझाद हिंद सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ला झाली ती इथल्याच कॅथे थिएटरात. आमच्या मते या खुणेपाशी घालवलेली एक संध्याकाळ सेंटोसाच्या अख्ख्या दिवसाला भारी.

एमआरटीत प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघं जात नाहीत. गाडीत खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटही नाही. हे आजींना फलाटावरच सांगून ठेवा. मुस्तफा सेंटरमधली खरेदी शेवटच्या रात्रीवर ढकलू नका आणि घरात बॅग तोलायचा काटा असू द्या.