डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचे नैराश्य : ओळख व आधार

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखले जाणारे, दिवाळीनंतरच्या हिंगोट युद्धासाठी प्रसिद्ध असलेले गाव. येथील एखाद्या शेतकऱ्याची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यास इंदूरला डायलिसिस, म्हणजे यंत्राद्वारे रक्तशुद्धी, घ्यावे लागले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा जाताना व येताना पन्नासहून अधिक किलोमीटरचा प्रवास आला. यंत्रावर सुमारे चार तास जातात आणि घरी परतल्यावर अंगात त्राण उरत नाही. सणाच्या दिवशी पाळी आली, तर सणही रुग्णालयातच.

सन 2016 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस हा उपचार निःशुल्क मिळण्याची सोय झाली. शरीराची व्यवस्था लागली. मनाचा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. अशा रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांस नैराश्याचा विकार असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे. तो ध्यानात येत नाही याचे कारण सोपे आहे. थकवा, अन्नावरील वासना उडणे, झोप न लागणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारातही असतात व नैराश्यातही. "आजारच तसा आहे" असे म्हणून घरचे लोक, आणि कधी कधी डॉक्टरही, पुढे जातात.

ह्या आजारातील पथ्य माणसास माणसांतून उठविते, हे विशेष लक्षात घ्यावे. रुग्णास दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते. चहा, ताक, वरण हेही त्यातच मोजले जाते. आपल्याकडे पाहुणा दारात आला की प्रथम पाण्याचा तांब्या पुढे येतो, मागोमाग चहा. प्रत्येक घरी नको म्हणणे आणि प्रत्येकास कारण सांगणे रुग्णास नकोसे होते. मग तो जाणेच सोडतो. ज्या हातावर डायलिसिससाठी रक्तवाहिनी जोडलेली असते त्या हाताने जड ओझे उचलता येत नाही. त्यामुळे शेतातील कामही सुटते. घरात आपण केवळ खर्चाचे धनी झालो, ही भावना येथून सुरू होते.

लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे 1975 च्या बंदिवासात निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्याच अवस्थेत त्यांनी 1977 च्या निवडणुकीत प्रचार केला. हे उदाहरण रुग्णास "धीर धरा" असे ऐकविण्यासाठी नव्हे. त्या उपदेशाचा उपयोग थोडाच होतो. ध्यानात घ्यावयाचे ते असे की, लोक अखेरपर्यंत त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येत होते. घरातील रुग्णाकडेही हिशेब, मुलांचा अभ्यास, पेरणीचा विचार यांपैकी काहीतरी राहू द्यावे.

शिक्षक, आशा कार्यकर्ती अथवा शेजारी यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास वा निराश होते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी गेली आहे काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास डॉक्टरांस कळवावे. रुग्ण डायलिसिसची पाळी चुकवू लागला तर रागावण्यापूर्वी हेच प्रश्न विचारावेत, कारण पाळी चुकविणे जिवावर बेतू शकते. जगणे नकोसे वाटते काय, असे स्पष्ट विचारण्यासही कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे.

उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक विचारांची व दिनक्रमाची घडी बसविण्याचे काम रुग्ण यंत्रावर असतानाही करू शकतो. चार तास एरवी छताकडे पाहण्यातच जातात. औषधे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावीत व आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. इंदूरपर्यंत वेगळी फेरी शक्य नसल्यास 14416 ह्या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क बोलता येते; ही सेवा 2022 मध्ये सुरू झाली. सोबत जाणारी पत्नी किंवा मुलगाही ह्या क्रमांकावर स्वतःसाठी बोलू शकतो. महिनोन्महिने त्या बाकावर बसून राहणाऱ्याचेही मन थकते. गावात दोन-तीन जणांनी आळीपाळीने सोबतीस जाण्याचे ठरविले, तर त्या घरातील एकास आठवड्यातून एक दिवस तरी शेतावर जाता येईल.