आज भांडी कुणाची?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि दहावीनंतर मराठी लिहिणं सुटलं ते सुटलंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या भांडणातून तो सुचला ते भांडणही मराठीतच झालं होतं!

गेल्या सेमिस्टरला, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आमच्या मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशी चार दिवस येऊ शकल्या नाहीत. त्यांचा मुलगा आजारी होता. पहिल्या दिवशी ताटांचा ढीग लागला, दुसऱ्या दिवशी वास सुटला. मेस सेक्रेटरी मी. म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत, सिस्टीम लावू. छानपैकी टाईमटेबल केलं, न येणारीला वीस रुपये दंड ठेवला आणि नोटीस बोर्डावर लावलं. काय झालं असेल? बहुतेकींनी मुकाट्याने वीस रुपये आणून दिले! दंड जमला, ताटं तशीच. वर सेकंड इयर विरुद्ध थर्ड इयर असं भांडण पेटलं आणि माझी रूममेट आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्याच सुमारास एन्व्हायरन्मेंटच्या प्रोजेक्टसाठी मी 'इकोव्हिलेज' हा विषय घेतला. खरं सांगायचं तर पवनचक्क्यांसाठी घेतला. इकोव्हिलेज म्हणजे काय? रॉबर्ट आणि डायान गिलमन या दांपत्याने १९९१ साली एका अहवालात त्याची व्याख्या केली. सोप्या भाषेत सांगायचं तर, सगळे एकमेकांना ओळखतील एवढीच लहान वस्ती. राहणं, खाणं, काम, करमणूक सगळं तिथेच. आणि हे सारं निसर्गाची नासाडी न करता, पुढच्या पिढ्यांनाही चालू ठेवता येईल अशा रीतीने. आपल्या देशात १९६८ साली स्थापन झालेलं ऑरोव्हिल बहुतेकांना माहीत असतं. मी निवडलं स्कॉटलंडमधलं फाइंडहॉर्न.

त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९६२ साली पीटर कॅडी यांची हॉटेल मॅनेजरची नोकरी गेली. ते, पत्नी आयलीन, तीन मुलं आणि त्यांची मैत्रीण डोरोथी मॅक्लीन असे सगळे समुद्रकाठच्या एका कॅराव्हॅन पार्कमध्ये राहायला आले. जमीन वाळूची, खिसा रिकामा. त्यांनी भाजीपाला लावला आणि तो जोमाने वाढला! हळूहळू माणसं येत गेली. १९७२ साली फाइंडहॉर्न फाउंडेशन ही संस्था झाली आणि १९७५ साली जे हॉटेल पीटर पूर्वी मॅनेजर म्हणून सांभाळत होते तेच हॉटेल संस्थेने विकत घेतलं! (ध्यानधारणा, वनस्पतींशी संवाद हा भागही तिथे मोठा आहे. तो मला झेपत नाही, म्हणून मी माझ्या शाखेपुरतं बोलते.)

शाखेपुरतं बोलायचं तर मजाच मजा. १९८६ पासून तिथे दारूच्या भट्टीतल्या जुन्या, भल्यामोठ्या लाकडी पिंपांची गोल घरं बांधली गेली. १९८९ साली ७५ किलोवॅटची पहिली पवनचक्की उभी राहिली. २००६ मध्ये प्रत्येकी २२५ किलोवॅटच्या आणखी तीन आल्या, म्हणजे एकूण क्षमता ७५० किलोवॅट झाली. १९९५ साली सांडपाण्यासाठी 'लिव्हिंग मशीन' बांधलं. काचघरात टाक्यांची रांग, त्यात जीवाणू, वनस्पती, गोगलगायी. एकेका टाकीतून जाता जाता पाणी स्वच्छ होतं. त्याच वर्षी तिथे भरलेल्या परिषदेतून इकोव्हिलेजचं जागतिक नेटवर्क तयार झालं.

पुढे एका पाहणीत असं दिसलं की तिथल्या माणसाचा निसर्गावरचा बोजा सरासरी ब्रिटिश माणसाच्या जवळजवळ निम्माच आहे. मला वाटलं, पवनचक्क्यांची कमाल! पण तेवढंच नव्हतं. एकत्र स्वयंपाक, एका पंगतीत जेवण, वाटून वापरलेल्या गाड्या आणि वस्तू यांचा त्यात मोठा वाटा होता. आणि एकत्र जेवायचं म्हटलं की प्रश्न आलाच, आज भांडी कुणाची?

त्यांची रीत अशी. काम सुरू करायच्या आधी सगळे गोल उभे राहतात, हात धरतात, मिनिटभर शांत राहतात. मग प्रत्येकजण आज आपलं कसं चाललंय ते थोडक्यात सांगतो. मग कामं कोणती आहेत ते वाचलं जातं आणि ज्याने त्याने आपलं काम निवडायचं. गटाचा एक 'फोकलायझर' असतो, पण तो मुकादम नव्हे. तोही हात ओले करतो. शिबिरांना येणारे पाहुणेसुद्धा बागेत, स्वयंपाकघरात, साफसफाईत काम करत.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी! तसं नाही, तिथेही ठेच लागली आहे. एप्रिल २०२१ मध्ये तिथलं सामुदायिक भोजनाचं सभागृह आणि ध्यानमंदिर आगीत गेलं. आग लावणारा बाहेरचा नव्हता, तर नोकरकपातीत काम जाणारा संस्थेचाच एक कर्मचारी होता. २०२३ मध्ये फाउंडेशनने आपले शिक्षणवर्ग बंद केले. वस्ती मात्र राहिली. त्या माणसाचं समर्थन मी करत नाही. पण वाचताना एक गोष्ट टोचली. जिथे सगळे मिळून भांडी घासतात, तिथेही 'आपली माणसं' आणि 'कामाची माणसं' अशी रेघ असू शकते.

टोचण्याचं कारण माझ्याच मेसमध्ये होतं. चौथ्या दिवशी मी नोटीस काढून टाकली. रात्री जेवणानंतर ज्या थांबल्या त्या अकराजणी गोल उभ्या राहिलो. हात धरायला हसू येत होतं, म्हणून नुसतंच विचारलं, "बोला, कोण कशी आहे?" तेव्हा कळलं की एकीची जर्नल्स अपुरी आहेत, एकीच्या घरी आजोबा सीरियस आहेत, आणि माझी रूममेट दंडामुळे नाही, तर मी न विचारता तिचं नाव पहिल्या पाळीत घातलं म्हणून चिडली होती. जर्नलवालीला आम्हीच खोलीवर पाठवलं. बाकीच्या दहाजणींनी पाऊण तासात सगळी ताटं घासली.

पाचव्या दिवशी मावशी आल्या. मी सिंकपाशी उभी होते. त्या म्हणाल्या, "ताई, राहू द्या, हे आमचं काम." आणि मी पटकन ताट खाली ठेवलं. सुटले, असंच वाटलं मला! त्यांच्या मुलाचं कसं आहे हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. घरी मी कधी ताट घासलं नव्हतं, ती सवय चार दिवसांत थोडीच जाणार?

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. मुलगा बरा होता. तेव्हापासून दर रविवारी फीस्टनंतरची भांडी आम्ही मुली घासतो आणि मावशी त्या दिवशी आमच्याबरोबर पंगतीला बसतात. पगार कापायचा नाही, हे रेक्टर मॅडमकडून आधी कबूल करून घेतलं. कधी पंधराजणी येतात, कधी चार. पवनचक्की बसवायला बजेट लागतं, परवानगी लागते. याला काहीच लागत नाही, तरी हेच जास्त अवघड आहे!

मुलांच्या हॉस्टेललाही आग्रहाचं निमंत्रण. सर आणि मॅडम, तुम्हालासुद्धा. येताना बाह्या वर करून या, टाईमटेबल मात्र नको!