हार्ड डिस्कचा आवाज : उगम आणि उपाय

रात्री आजूबाजूला सामसूम झाल्यावर घरातील संगणक चालू केला, की त्याच्या पेटीतून एक मंद, अखंड घुमणारा स्वर ऐकू येतो. मधूनमधून बारीक खडे चाळणीत हलवावेत तशी खडखडही होते. पंख्यांचा सोसाटा वगळला, तर हे दोन्ही आवाज बहुधा हार्ड डिस्कचे असतात. दिवसा त्यांच्याकडे लक्ष जात नाही. परंतु ज्या खोलीत संगणक त्याच खोलीत अभ्यास आणि झोप, अशा घरांत ते नकोसे होतात. हा त्रास पुष्कळ अंशी कमी करता येतो, आणि त्यासाठी शालेय पुस्तकांतील कंपनाच्या प्रकरणापलीकडे फारसे जावे लागत नाही.

हार्ड डिस्क म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकचकीत तबकड्या एका आसावर बसवून केलेले चुंबकीय स्मृतियंत्र होय. (तिला ‘कठीण तबकडी’ म्हणता येईल, पण लवचीक तबकड्या व्यवहारातून गेल्यावर या विशेषणाला अर्थ उरला नाही, म्हणून रूढ नावच येथे ठेवले आहे.) आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र आणले, तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटास १,२०० फेरे घेत, आणि त्यांवर अवघी ५० लाख अक्षरे मावत. आजच्या घरगुती संगणकातील साडेतीन इंची यंत्र तळहातावर बसते. त्याच्या तबकड्या मिनिटास सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि वाचनशीर्ष त्यांच्या पृष्ठापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते.

७,२०० फेरे मिनिटास म्हणजे सेकंदास १२०. कोणतीही फिरती वस्तू पूर्णपणे समतोल नसते. तिच्या वजनातील लहानसा कमीजास्तपणा प्रत्येक फेऱ्याबरोबर सांगाड्याला एक धक्का देतो. सेकंदास असे १२० धक्के बसले म्हणजे १२० कंपनसंख्येचा खर्जातला स्वर उमटतो. ५,४०० फेऱ्यांच्या यंत्रात तो ९०चा असतो. खडखडीचे कारण निराळे आहे. वाचनशीर्ष धारण करणारी भुजा एका जागेवरून दुसरीकडे जाताना सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत वेग घेते आणि थांबते. तिची प्रतिक्रिया यंत्राच्या कवचाला सोसावी लागते. जुन्या यंत्रांत पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगची एक तीक्ष्ण शीळही असे. सन २००० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या जागी तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंगे आली आणि ती शीळ बहुतांशी नाहीशी झाली.

आता एक प्रश्न सहज उद्भवतो. एवढेसे यंत्र खोलीभर ऐकू येईल इतकी हवा हलविते कसे? वस्तुतः ते हलवीत नाही. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांना ताणून छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावर विरून जातो. तीच तार घोडीवरून भोपळ्याला जोडली, की दिवाणखाना भरतो. हार्ड डिस्क ही तार आणि संगणकाची पत्र्याची पेटी हा तिचा भोपळा. स्क्रूने घट्ट आवळलेली हार्ड डिस्क आपली कंपने पेटीच्या रुंद पत्र्यांना देते, आणि एखाद्या पत्र्याची स्वाभाविक कंपनसंख्या ९०, १२० किंवा त्यांच्या पटींजवळ असली, तर अनुनादाने तो पत्राच गाऊ लागतो.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. संगणक चालू असताना पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात सपाट दाबून धरावा. घुमणे उतरले, तर दोष पत्र्याकडे आहे. त्याला आतून जड, चिकट डांबरी पट्टी लावल्यानेही पुष्कळ काम होते. एकाच पेटीत दोन यंत्रे असली, तर दर काही सेकंदांनी घुमणे वाढते आणि ओसरते असे आढळेल. दोघांच्या वेगांत किंचित फरक असतो आणि त्यांचे स्वर कधी एकमेकांस मिळतात, कधी मारतात. तंबोरा जुळविणाऱ्यास ही हेलकावणी परिचयाची आहे.

खरा उपाय मात्र कंपनांचा मार्ग तोडणे हा होय. बाजारात रबरी चकत्या मिळतात, पण त्यांविषयीची अपेक्षा बेताची असावी. आधारावर वजन ठेवले असता तो किती मिलिमीटर दबतो, त्या संख्येच्या वर्गमुळाने १५.८ला भागले म्हणजे त्या जोडणीची स्वाभाविक कंपनसंख्या मिळते. आधार ०.१ मिलिमीटर दबला, तर ती सुमारे ५० येते आणि १२०च्या कंपनांचा जेमतेम एक पंचमांश भाग पुढे जातो. हे चांगलेच झाले. परंतु कडक रबर ०.०३ मिलिमीटरच दबले, तर ती ९१ येते. ५,४०० फेऱ्यांच्या यंत्राशी तिचा नेमका अनुनाद होऊन आवाज कमी होण्याऐवजी वाढतो! ‘चकत्या लावल्या आणि घुमणे दुप्पट झाले’ ही तक्रार खोटी असण्याचे कारण नाही. स्क्रू फार आवळून रबर चिरडले, तरी हाच परिणाम होतो.

याउलट, शिवणकामाच्या रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर यंत्र टांगले आणि ते १० मिलिमीटर खाली आले, तर स्वाभाविक कंपनसंख्या ५ येते. गणिताप्रमाणे १२०च्या कंपनांपैकी पाचशेवा भागही पुढे जाणार नाही. प्रत्यक्षात ताणलेले इलॅस्टिक हिशेबाहून ताठ वागते आणि तारांतूनही काही कंपने निसटतात. तरीही कानाला फरक तत्काळ जाणवतो. सीडी-यंत्राचा रिकामा सव्वापाच इंची खण या कामास सोयीचा, कारण साडेतीन इंची यंत्राच्या दोन्ही बाजूंस तेथे सुमारे २ सेंटिमीटर जागा उरते. काम करताना वीजजोडणी काढून ठेवावी. यंत्राखालची विद्युत्पट्टी धातूला टेकता कामा नये, तारा सैल सोडाव्यात, आणि काही महिन्यांनी इलॅस्टिकचा ताण पाहावा. संगणक हलवावयाचा असेल, तेव्हा यंत्र आधी पक्के बांधावे.

फोमच्या जाड वेष्टनात यंत्र गुंडाळण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात खर्च होणारी ५ ते १० वॅट वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते आणि तिला बाहेर पडावयास वाट लागते. बहुतेक उत्पादक ६० अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा देतात. तिच्या पुष्कळ खाली राहावे हे बरे. कवचावर एक बारीक श्वसनछिद्र असते. आतील आणि बाहेरील हवेचा दाब त्यातून समान राहतो, म्हणून त्यावर पट्टी चिकटवू नये. हेलियम भरलेल्या यंत्रांना असे छिद्र नसते.

भुजेच्या खडखडीवर काही जुन्या यंत्रांत आज्ञेने करता येणारा उपाय आहे. त्यांत १२८ ते २५४ असा एक अंक ठरविता येतो. १२८ला भुजा सावकाश व शांतपणे फिरते, २५४ला वेगाने. लिनक्समध्ये ‘एचडीपार्म’ या कार्यक्रमाने तो बदलता येतो. पुढील यंत्रांतून ही सोय काढून टाकण्यात आली. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्य झाले असे म्हणवत नाही.

येथवर नेहमीच्या आवाजाचा विचार झाला. परंतु जे यंत्र कालपर्यंत शांत होते ते आज ठरावीक अंतराने टकटक करू लागले, अथवा त्यातून घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तर वरीलपैकी एकही उपाय करू नये. अशी टकटक बहुधा वाचनशीर्षाला आपली जागा सापडत नसल्याची खूण असते, आणि घासण्याचा अर्थ शीर्ष तबकडीला टेकले असाही होऊ शकतो. मुलांची छायाचित्रे, हिशेब, प्रबंधाची हस्तलिखिते, जे काही त्यात असेल, त्याची प्रत दुसऱ्या साधनावर तत्काळ घ्यावी. अत्यंत मोलाचे काही असून प्रत कोठेच नसेल, तर यंत्र बंद करून तज्ज्ञाकडे न्यावे. ते पुनःपुन्हा चालू करून पाहण्याने उरलेला पृष्ठभागही खरवडला जातो. आपले तापमान आणि खराब विभागांची संख्या यंत्र स्वतःच नोंदवीत असते. ‘स्मार्टमॉनटूल्स’सारख्या विनामूल्य कार्यक्रमाने ती नोंद अधूनमधून वाचावी, कारण बिघाडापूर्वी आवाज होतोच असे नाही.

ज्यांस पूर्ण शांतता हवी, त्यांनी संगणकाची कार्यप्रणाली एस.एस.डी.वर ठेवावी. तिच्यात फिरणारा भागच नसल्याने कंपनाचा प्रश्न उद्भवत नाही. मोठ्या संग्रहासाठी हार्ड डिस्क दर टेराबाइटमागे अजूनही स्वस्त पडते. तेव्हा संग्रहाचे यंत्र जाळ्याच्या तारेने जोडून दुसऱ्या खोलीत ठेवावे. ते भिंतीत अडकविलेल्या लाकडी फळीवर मात्र ठेवू नये. फळी हाही एक भोपळाच आहे.