जुन्या वस्तूंची फोनवरून खरेदी-विक्री : शेतकऱ्यांनी घ्यावयाची खबरदारी

जुने औजार विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही. उजनी धरणाच्या पाण्यामुळे माढा तालुक्याचा मोठा भाग बागायती झाला आणि ऊस, डाळिंब, केळी यांच्या पाठोपाठ पंप, ठिबकचे संच, ट्रॅक्टर व ट्रॉल्या घरोघरी आल्या. एकाने मोठा पंप घेतला की त्याचा लहान पंप पडून राहतो, आणि तोच दुसऱ्याच्या विहिरीवर आणखी काही वर्षे काम देऊ शकतो. पूर्वी अशा वस्तूची बातमी सोयऱ्याधायऱ्यांकडून अथवा आठवड्याच्या बाजारात कळे. आता ती फोनवर कळते. व्हॉट्सॲपचे गट, फेसबुक, ओएलएक्स यांवर शेतकरी परस्परांना वस्तू विकू लागले आहेत, आणि मधला दलाल टळत असल्याने त्यात दोघांचाही लाभ आहे. मात्र ज्याच्याशी सौदा होतो, तो मनुष्य अनोळखी असतो. म्हणून काही गोष्टी आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार अथवा पंढरपूरची कार्तिकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बैलाचा सौदा कसा होतो हे सांगावयास नको. हेडे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. भोवतालच्या मंडळींना आकडा कळत नसे. परंतु जनावर सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे असे. दात पाहावेत, चालवून पाहावे, औताला जुंपून पाहावे, मगच इसार द्यावा, ही रीत होती. फोनवरील व्यवहारात नेमके उलटे घडते. भाव उघडा असतो आणि जनावर झाकलेले असते. छायाचित्र ही वस्तू नव्हे; एकाच ट्रॅक्टरचे छायाचित्र दहा ठिकाणी, दहा निरनिराळ्या नावांनी लावता येते.

समजा, मोडनिंबजवळच्या एका शेतकऱ्यास बाजारभावाच्या निम्म्या किमतीत ट्रॅक्टरची जाहिरात दिसली. विकणारा सांगतो की आपण लष्करात असून अचानक बदली झाली आहे, म्हणून घाईने विकावयाचे आहे. तो ओळखपत्राचे चित्रही पाठवितो. ट्रॅक्टर रेल्वेने पाठवितो, आधी वाहतुकीचे पाच हजार भरा, असे म्हणतो. ते भरले की विम्याचे, मग फाटकावरील परवान्याचे पैसे मागतो. प्रत्येक रक्कम लहान असते आणि आधीची रक्कम वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढची भरतो. ट्रॅक्टर मात्र कधीच येत नाही. हा प्रकार देशभर अनेकदा उघडकीस आलेला आहे. यावर उपाय एकच : वस्तू पाहिल्यावाचून इसाराचा एक रुपयाही पाठवू नये. जो दाखविण्यास तयार नाही, त्याच्याकडे वस्तू नाही असे समजावे.

विकणाराही फसतो, आणि त्याची फसवणूक अधिक चमत्कारिक असते. आपल्या जुन्या मोटारीची जाहिरात दिली की लगेच एखादा गिऱ्हाईक घासाघीस न करता होकार देतो. तो पैसे देण्यासाठी म्हणून एक चौकोनी संकेतचित्र पाठवितो आणि ते फोनने टिपून पिन घालण्यास सांगतो. पिन घालताच पैसे येण्याऐवजी जातात. हे नीट लक्षात ठेवावे की, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि संकेतचित्रही टिपावे लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तथापि संकेतचित्राचा मार्ग शिल्लक आहे. पैसे भरल्याचे चित्र किंवा संदेश दाखविला तरी तो पुरावा मानू नये. तो बनावट करता येतो. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी आणि मगच वस्तू हातची सोडावी.

भेटीसाठी कुर्डुवाडी स्थानक, टेंभुर्णीचा चौक अशी वर्दळीची जागा दिवसाउजेडी ठरवावी; बरोबर एखादा जाणकार न्यावा. पंप असल्यास तो पाण्यावर चालवून पाहावा, कोरडा फिरलेला पंप पाहून काही कळत नाही. मोटार पूर्वी जळून पुन्हा गुंडाळली आहे काय, हे मिस्त्रीस विचारावे. ट्रॅक्टर थंड असताना सुरू करावयास लावावा. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासता येतो. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अजाणता घेतली, तरी वस्तू विक्री कायदा, १९३० प्रमाणे, जो मालक नाही त्याला सामान्यतः मालकी देता येत नाही. वस्तू मूळ मालकाकडे परत जाते आणि पैसे बुडतात.

ट्रॅक्टर अथवा मोटारसायकल यांच्या बाबतीत कागद हे यंत्राइतकेच महत्त्वाचे होत. चासी व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. नोंदणीत बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व नमुना ३५ हाती येईपर्यंत सौदा पुरा करू नये. मग नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. ‘पैसे मिळाले, आता माझा काय संबंध?’ असे पुष्कळ विक्रेते म्हणतात. संबंध असतो. एक मोटारगाडी हातोहात विकली गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली; तिच्या अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. औजार शासकीय अनुदानातून घेतलेले असेल, तर विक्रीपूर्वी मंजुरीपत्रातील अटी वाचाव्यात.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण ज्याचा तो धंदा नाही अशा खाजगी माणसाने आपली जुनी वस्तू विकली, तर तेथे दाद लागत नाही. म्हणून पावती लिहून घेणे हाच खरा आधार. तीत दोघांची नावे व पत्ते, वस्तूचे वर्णन व क्रमांक, किंमत, पैसे कसे दिले, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. ज्ञात दोष असल्यास तोही लिहावा. त्याने विकणाराही पुढील भांडणातून सुटतो. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे. २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

इतके करूनही फसगत झाल्यास लाजेने गप्प बसू नये. खेड्यात पैशापेक्षा हसे होण्याची भीती मोठी, आणि ठकांना हे पक्के ठाऊक असते. फसवून घेतलेला पैसा काही तासांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरविला जातो. तो वाटेत अडविता आला तरच परत मिळण्याचा संभव असतो. त्यासाठी तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस कळवावे आणि माढा, कुर्डुवाडी किंवा टेंभुर्णी यांपैकी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा फोन क्रमांक व आलेले संदेश जपून ठेवावेत. रागाच्या भरात ते पुसून टाकू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेल्यास बँकेस कळविण्यापर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे अर्ध्या तासाच्या विलंबालाही किंमत आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत किंवा चावडीवर एखाद्या शेतकऱ्याचा फोन हाती घेऊन, पैसे घेताना पिन मागितला जात नाही, हे एक रुपया पाठवून सर्वांसमक्ष दाखवावे. १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व सोसायटीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.